इम्प्लांट करून घेतलेली माणसं समाधानी असतात का? आणि तुमच्या आईही समाधानी होतील का?

परभणीच्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: आईचं वय ६७. तोंडात एकही दात नाही, दोन्ही कवळ्या सात वर्षांपूर्वीच्या. वरची बरी बसते, खालची बोलताना-जेवताना उचलून येते. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. एका डॉक्टरांनी खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट (म्हणजे हाडात बसवायचे टायटॅनियमचे स्क्रू) घालून त्यावर अडकणारी कवळी सुचवली. दुसऱ्यांनी वर-खाली सगळे ‘फिक्स’, म्हणजे इम्प्लांटवर पक्के बसवलेले, काढता न येणारे दात करा म्हणून सांगितलं. चुलत्यांनी फिक्स दात केलेत आणि ते भेटेल त्याला ‘करूनच घ्या’ म्हणतात. शाळेतल्या एका सहकाऱ्यांनी एकाच दाढेचं इम्प्लांट केलं, ते म्हणतात पैसे पाण्यात गेले. त्यांच्या डॉक्टरांच्या मते मात्र एक्स-रे उत्तम आहे. मग खरं कुणाचं मानायचं, आणि आईसाठी काय करायचं?

सर, खरं दोघांचंही आहे. त्या डॉक्टरांचंही खरं असू शकतं.

मी लातूरला कवळ्या आणि इम्प्लांटचंच काम करतो. औसा, निलंगा, अहमदपूरपासून अंबाजोगाई, उमरग्यापर्यंतचे पेशंट येतात, आणि त्यांत तुमच्या चुलत्यांसारखेही असतात, सहकाऱ्यांसारखेही. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. इम्प्लांट टिकेल की नाही हे हाड, शुगर, तंबाखू आणि डॉक्टरचा हात यांवर ठरतं. माणूस समाधानी होईल की नाही हे मात्र ऑपरेशनच्या आधीच बरंचसं ठरून गेलेलं असतं: त्याला आधी नेमका कशाचा त्रास होता, आणि पुढे काय मिळेल असं त्याला सांगितलं होतं, यावर.

आधी ‘एक्स-रे उत्तम’ म्हणजे काय ते बघू. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रॉनेमार्क यांनी १९५० च्या दशकात सशांच्या हाडावर काम करताना पाहिलं की टायटॅनियम हाडाला असं धरून बसतं की ते सुटं करता येत नाही. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट घातले, आणि ते त्या गृहस्थाच्या अखेरपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त टिकले. तेव्हापासून आम्ही डॉक्टर मंडळी यश मोजतो ते असं: इम्प्लांट हलत नाही, दुखत नाही, पू नाही, आणि पहिल्या वर्षानंतर बाजूचं हाड वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त झिजत नाही. या मापाने निकाल फार चांगले आहेत. एकेका दाताच्या इम्प्लांटचे दहा वर्षांचे आकडे बघितले तर शंभरातले ९५ च्या आसपास जागेवर असतात. त्यावर बसवलेल्या कॅपचा, म्हणजे कृत्रिम दाताचा, आकडा त्याहून थोडा खाली, ९० च्या आसपास.

पण या यादीत माणूस त्या दाढेने भाकरी खातो का, हे कुठेच विचारलेलं नाही. तुमच्या सहकाऱ्यांची दाढ माझ्या मापाने शंभर टक्के यशस्वी असेल आणि ते तरीही त्या बाजूने चावत नसतील. म्हणून संशोधनात रुग्णाचं म्हणणं वेगळं मोजतात. त्यासाठी १४ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात: उच्चार अडतात का, तोंड दुखतं का, खाताना अवघडल्यासारखं होतं का, लोकांत लाज वाटते का, जेवण अर्धवट सोडावं लागतं का. प्रत्येकाला ० ते ४ गुण, बेरीज जितकी जास्त तितका त्रास जास्त. उपचाराआधी आणि नंतर तीच प्रश्नावली भरून घेतली की फरक कळतो.

आता तुमच्या आईंचं बघू, कारण खालच्या कवळीची गोष्ट खास आहे.

वरच्या कवळीला अख्खा टाळू मिळतो, ती तिथे ओढ धरून बसते. खालच्या कवळीला मिळते एक घोड्याच्या नालेच्या आकाराची अरुंद पट्टी, तिच्या आत जीभ, बाहेर गाल. जीभ हलली की कवळी उचलली. त्यात दात काढल्यानंतर हाड झिजत राहतं, आणि कवळी वापरणाऱ्यांचं खालचं हाड वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजतं, हे १९७२ सालीच २५ वर्षांच्या पाहणीतून पुढे आलं होतं. म्हणजे सात वर्षांपूर्वी ज्या हाडावर कवळी बेतली होती ते हाड आज तसं राहिलेलंच नाही. पूर्ण कवळीवाल्या माणसाची चावायची ताकद आधीच स्वतःचे दात असलेल्याच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्यावर आलेली असते. जी थोडीफार उरते ती कवळी जागेवर धरून ठेवण्यात जाते.

अशा माणसाच्या खालच्या जबड्यात पुढे, हनुवटीच्या वर, दोन इम्प्लांट घातले आणि कवळीच्या आतून त्यावर बसणारी बटणं लावली, की कवळी ब्लाउजच्या टिचबटणासारखी ‘टक्’ करून बसते. जीभ हलवली तरी उठत नाही. हा आवाज पहिल्यांदा ऐकला की बायका आधी थांबतात, मग जिभेने कवळी उचलून बघतात, पुन्हा बघतात. मग विचारतात, “आता निघंल कशी?” काढायची कशी ते शिकवावं लागतं. दोन्ही अंगठे कडेला लावून वर, तेही एकदम न ओढता.

याच विषयावर चांगल्या दर्जाच्या चाचण्या झाल्या आहेत: निम्म्या लोकांना नवी साधी कवळी, निम्म्यांना दोन इम्प्लांटवरची, कोणाला काय हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. इम्प्लांटवाले स्पष्टपणे जास्त समाधानी निघाले. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञ जमले आणि त्यांनी मत मांडलं की खाली एकही दात नसलेल्या माणसासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय असावा. २००९ मध्ये इंग्लंडातल्या यॉर्कच्या जाहीरनाम्यातही हेच आलं. या शास्त्रात समाधानाचा पुरावा सर्वात भक्कम कुठे असेल तर तो इथे, अगदी तुमच्या आईंच्या परिस्थितीत.

वरच्या जबड्याचं तसं नाही. ज्यांची वरची कवळी नीट बसते आणि हाड बरं आहे, त्यांना वर इम्प्लांट घालून दिले तरी चांगल्या साध्या कवळीपेक्षा समाधान फारसं वाढलं नाही, असंही अभ्यासात दिसलं आहे. आईंची वरची कवळी बरी आहे असं तुम्ही स्वतः लिहिलंय. मग तिथे लाख-दोन लाख घालण्याचं कारण मला दिसत नाही. ज्याचा त्रासच नव्हता त्याचा उपचार करून समाधान कुठून येणार?

तुमच्या सहकाऱ्यांचं उलटं झालं आहे. त्यांची एकच दाढ गेली होती, बाकी तोंड भरलेलं. त्यांची तुलना कवळीशी नाही, स्वतःच्या शेजारच्या दाढेशी आहे, आणि त्या तुलनेत इम्प्लांट थोडं कमी पडणारच. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती बारीक तंतूंचं अस्तर असतं. त्यामुळे दात किंचित दबतो, आणि जेवणात केसाएवढा खडा आला तरी कळतो. इम्प्लांट थेट हाडात असतं, त्याला हे अस्तर नाही. चावल्याची जाणीव होते, पण ठोकळ. बऱ्याच जणांना पहिले काही महिने तिथे ‘काहीतरी परकं’ वाटतं. हे आधी सांगितलं तर माणूस ते धरून चालतो. ‘अगदी तुमच्या दातासारखा’ असं सांगितलं असेल तर तोच माणूस फसवल्यासारखा होतो.

दुसरं, त्यांना एवढं जरूर विचारा: दाढेच्या फटीत अन्न अडकतं का? मला खात्री वाटते की ‘हो’ म्हणतील. एक्स-रे चांगला आणि पेशंट नाराज, अशी जोडी आली की मी आधी हेच बघतो. आपले खरे दात आयुष्यभर किंचित पुढे सरकत असतात, इम्प्लांट सरकत नाही. त्यामुळे बसवताना घट्ट असलेली शेजारच्या दाताशी भेट वर्षा-दोन वर्षांत सैल होते आणि मटणाचा धागा, मेथीचं पान, शेंगदाण्याचा भुगा प्रत्येक जेवणाला तिथे जाऊन बसतो. माणूस काडीने कोरत राहतो, हिरडी दुखते, शेवटी त्या बाजूने खाणं बंद करतो. एक्स-रेमध्ये यातलं काही दिसत नाही. दोरा घालून बघितला तर लगेच कळतं. कॅप स्क्रूने बसवलेली असेल तर ती उघडून, लॅबमध्ये बाजूला पोर्सेलिन चढवून परत बसवता येते, इम्प्लांटला हात लावावा लागत नाही. त्यांना सांगा, ‘समाधान नाही’ असं मोघम सांगण्यापेक्षा डॉक्टरांना ‘इथे अन्न अडकतं, दोरा घालून बघा’ एवढं सांगा.

आपल्याकडे समाधान मोजण्यात एक मोठी अडचण आहे, ती इथे लिहितोच. मराठवाड्यातला पेशंट डॉक्टरला नाराज करत नाही. “कसं वाटतंय, मावशी?” विचारलं की उत्तर ठरलेलं: “बरं हाय की साहेब, तुमच्या कृपेनं.” कवळी तेव्हा पिशवीतल्या डबीत असते. लेकाने एवढा खर्च केला, डॉक्टरांनी एवढी मेहनत घेतली, आता कसं सांगायचं की बोचतंय? म्हणून मी ‘कसं वाटतंय’ विचारणं सोडून दिलंय. काल रात्री काय जेवलात ते विचारतो. भाकरी तोडून खाल्ली की आमटीत कुस्करून? हरभरे खाल्ले का? लग्नात पंगतीला बसलात का, की ‘घरी जाऊन जेवते’ म्हणालात? कवळी बसवायच्या दिवशी घरची भाकरी, चटणी आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे घेऊन यायला सांगतो. क्लिनिकमध्ये बसूनच खायचं. शेंगदाणा मागच्या दातांखाली घेताना चेहरा बदलला, हात गालाकडे गेला, की मला कळतं कुठे टोचतंय. प्रश्नावलीच्या १४ प्रश्नांनी जे निघत नाही ते ज्वारीच्या भाकरीने निघतं.

यातून दुसरीही गोष्ट कळली. चावता यायला लागलं म्हणजे माणूस आपोआप चावून खायला लागतो असं नाही. मोठ्या चाचण्यांमध्येही इम्प्लांटवरच्या कवळीने पोषणात फारसा फरक दिसलेला नाही. वर्षानुवर्षं मऊ भात आणि कुस्करलेली भाकरी खायची सवय लागलेली असते, आणि घरातही तसंच वाढलं जातं. म्हणून मी सोबत आलेल्या सुनेला किंवा लेकीला सांगतो की आता काकडी, गाजर, मोड आलेली मटकी पुन्हा ताटात येऊ द्या. ऊस आणि सुपारी मात्र सोडा. उसाचं कांडं पुढच्या दातांनी सोलायला गेलं की बटणं आणि कवळी दोन्हींची वाट लागते. ऊस खायचाच असेल तर गंडेऱ्या करून.

आता ‘फिक्स’चा प्रश्न. घरातले बहुतेक लोक फिक्स मागतात, कारण काढता येणारी ती कवळी आणि कवळी म्हणजे म्हातारपण, असं मनात असतं. चुलत्यांचं समाधान खोटं नाही. फिक्स दात जास्त घट्ट असतात, रात्री काढावे लागत नाहीत, आपलेच वाटतात. पण कॅनडातच १९९० च्या दशकात एक अभ्यास झाला होता. त्याच माणसांना काही महिने फिक्स आणि काही महिने काढता येणारी, अशा इम्प्लांटवरच्या दोन्ही वापरून बघायला दिल्या आणि मग विचारलं, यातली कोणती ठेवू? जवळजवळ अर्ध्यांनी काढता येणारी निवडली. कारण होतं स्वच्छता. कवळी काढून नळाखाली धुता येते, इम्प्लांटच्या दोन बटणांवरून ब्रश फिरवता येतो. फिक्स दातांच्या खाली मात्र सुपरफ्लॉस (दात साफ करायचा जाडसर दोरा) नाहीतर बारीक ब्रश घालून रोज साफ करावं लागतं, आरशात बघून, नीट नजर आणि स्थिर हात असतील तर. चुलते हे कसं करतात ते एकदा विचारा. ते रोज करत असतील तर फार चांगलं. करत नसतील तर त्यांना सहा महिन्यांतून एकदा डॉक्टरांकडे न्या, कारण इम्प्लांटभोवती हिरडी सुजून हाड खाल्लं जाण्याचा आजार साधारण पाचातल्या एका माणसात दिसतो, आणि सुरुवातीला तो दुखत नाही. समाधानी माणूस तपासायलाच येत नाही, ही त्यातली खरी काळजीची बाब.

आईंना शुगर आहे, वय वाढत जाणार. पुढे कधी त्यांची तोंडाची स्वच्छता घरातल्यांना करावी लागली तर काढता येणारी कवळी तुम्हाला सोपी जाईल. हाही हिशेब आजच मांडा.

खर्चाचं बोलू. आपल्या भागात एका इम्प्लांटला कॅपसकट साधारण २५ ते ५० हजार लागतात, कंपनीप्रमाणे कमी-जास्त. खालची दोन इम्प्लांटवरची कवळी आणि वर-खाली फिक्स दात यांच्या खर्चात कित्येक पटींचा फरक पडतो. शासकीय दंत महाविद्यालयात खासगीपेक्षा खर्च कमी पडतो, फेऱ्या आणि वेळ जास्त लागतो. छत्रपती संभाजीनगरचं कॉलेज परभणीहून रेल्वेने गाठता येतं. पण पैशाबद्दल मला वेगळंच सांगायचं आहे. आई-वडिलांच्या तोंडावर लेकरं खर्च करतात तेव्हा त्या रकमेचं ओझं म्हातारी माणसं मनावर घेतात. “माझं आता काय राहिलं, कशाला एवढे पैसे घातले,” हे वाक्य मी नव्या कवळीसकट हसणाऱ्या तोंडातून ऐकलं आहे. रक्कम जितकी मोठी तितकं हे ओझं मोठं, आणि मग बारीकसं बोचलं तरी मनात मोठं होतं.

म्हणून मी तुमच्या पत्रात एक गोष्ट शोधली आणि ती सापडली नाही. डॉक्टर काय म्हणाले, चुलते काय म्हणाले, सहकारी काय म्हणाले, सगळं आलंय. आई काय म्हणतात ते आलेलं नाही. त्यांना एकटं बसवून विचारा. मी क्लिनिकमध्ये लेकाला ‘जरा बाहेर बसा’ म्हणतो. आजी आधी पदर तोंडावर घेतात, मग हळूहळू बोलतात. निलंगा भागातल्या एका आजीचं दुखणं जेवणाचं नव्हतंच. भजन म्हणताना कवळी खडखडायची म्हणून त्यांनी एकादशीला देवळात जाणंच सोडलं होतं. घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. लेक म्हणत होता, “आईला मटण खाता येईना गेलंय,” आणि आजी माळकरी होत्या! मटणाची अडचण वडिलांची होती, ती तो आईच्या नावावर बोलून गेला होता, हे नंतर कळलं. आम्ही खाली दोनच इम्प्लांट घातले आणि कवळी बसवताना त्यांच्याकडून अभंग म्हणवून घेतला, कारण ‘स’ आणि ‘श’ नीट निघतात का हे तिथेच कळतं. मटण समोर ठेवून उपचार आखला असता तर भजनाचं तसंच राहिलं असतं.

शुगरबद्दल. शुगर आहे म्हणून इम्प्लांट होत नाही असं नाही. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी करा. ७ च्या आत असेल तर उत्तम, ८ च्या पुढे असेल तर आधी फिजिशियनकडून ती खाली आणा, घाई करू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर सांगा, मनाने बंद करू नका. आणि हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा देतात ते सलाईन किंवा आठवड्याची गोळी कधी घेतली असेल तर ते आवर्जून सांगा. त्या औषधाने जबड्याच्या हाडाची जखम न भरण्याचा धोका असतो आणि बायका हे सांगायला विसरतात, कारण ते ‘कंबरेचं’ औषध असतं, दाताचं नाही.

आई मिश्री लावत असतील तर तेही विचारा, शिक्षकांच्या घरात म्हणून गृहीत धरू नका. तंबाखू कुठल्याही रूपात असो, जखम भरायला अडथळा आणते, आणि धूम्रपान करणाऱ्यांमध्ये इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट असतं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी आमच्याकडे तिशीतली पोरं येतात ज्यांच्या तोंडात दोन बोटं सरळ जात नाहीत. मागच्या दाढेला इम्प्लांट घालायचं तर ड्रिलसकट हात आत जायला हवा. अशा पोराला इम्प्लांटची जाहिरात दाखवण्यापेक्षा आधी त्याचा गुटखा सोडवणं हे माझं काम आहे.

ऑपरेशनला लोक फार घाबरतात, त्यामानाने ते सोपं असतं. खाली पुढच्या भागात दोन इम्प्लांट म्हणजे भूल देऊन तासाभराचं काम. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते, मग उतरते. त्याआधी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) करून हाडाची उंची-रुंदी आणि नस कुठे आहे ते बघून घेतात. नसेला धक्का लागला तर खालचा ओठ बधिर होतो, म्हणून हा स्कॅन टाळू नका. नंतर इम्प्लांट हाडात पक्कं व्हायला दोन-तीन महिने द्यावे लागतात. नाराजी बहुतेक या काळात सुरू होते, कारण सुरुवातीचे काही दिवस कवळी घालता येत नाही आणि नंतर आतून मऊ अस्तर लावून सैलसर वापरावी लागते. घरात लग्न असेल तर ते उरकून घ्या. आमच्याकडे शेतकरी सोयाबीनचे पैसे हातात आले की येतात, इम्प्लांट तेव्हा आणि त्यावर बसणारी कवळी तुरीनंतर, असे टप्पे पाडले की दोन्ही बाजूंनी सोयीचं होतं. बीडकडचे ऊसतोडीला जाणारे लोक विचारतात तेव्हा मी निघायच्या किमान तीन आठवडे आधी इम्प्लांट घालतो, टाके काढून पाठवतो, आणि गुढीपाडव्यानंतर परत आले की दात बसवतो. हाड भरायचं काम फडावरही होतंच. टाके तोंडात घेऊन कुणाला पाठवत नाही.

‘तीन दिवसांत पक्के दात’ अशा पाट्या तुम्हीही बघितल्या असतील. काही ठरावीक परिस्थितीत लगेच दात देता येतात, हाड घट्ट असेल आणि इम्प्लांट पुरेशा ताकदीने बसलं असेल तर. पण आईंना घाई कशाची आहे? लवकर दात मिळाल्याचं समाधान महिनाभर पुरतं, पुढे दात टिकले तरच.

शेवटी देखभाल, कारण याबद्दल आधी सांगितलं जात नाही आणि नंतर भांडणं होतात. त्या बटणांमधल्या रबरी किंवा नायलॉनच्या रिंगा झिजतात, वर्षभरात केव्हातरी बदलाव्या लागतात. काम दहा मिनिटांचं, खर्च थोडा. रिंग सैल झाली की पेशंटला वाटतं इम्प्लांटच सैल झालं. दोन-चार वर्षांनी कवळीला आतून अस्तर लावावं लागतं, आणि खालची घट्ट झाल्यावर वरची पुढून सैल वाटू लागते, तिलाही कधीतरी अस्तर लागतं. डॉक्टरांकडून इम्प्लांटचं कार्ड मागून घ्या, त्यावर कंपनी, जाडी, लांबी आणि लॉट नंबर असतो. उद्या तुमची बदली झाली किंवा ते डॉक्टर गाव सोडून गेले, तर ते कार्ड नसताना दुसऱ्या डॉक्टरला साधा स्क्रू मिळणं मुश्कील होतं.

तर आईंसाठी मी असं करीन. आधी सात वर्षांची खालची कवळी तपासून घ्या. कधीकधी ती इतकी झिजलेली असते की नीट बेतलेली नवी कवळीच पुरेशी होते, आणि इम्प्लांट घालायचे तरी त्यांच्यावर बसवायला नवी कवळी लागणारच आहे, म्हणजे तो खर्च वाया जात नाही. नवी कवळी महिना-दीड महिना वापरू द्या. तेवढ्यात एचबीए१सीही येईल. तरीही खालची उचलत असेल आणि आईंना स्वतःला हवं असेल, तर खाली दोन इम्प्लांट. वरची कवळी आहे तशी राहू द्या. तपासायला जाताना आताच्या दोन्ही कवळ्या, आधीचा एखादा एक्स-रे असेल तर तो, चालू गोळ्यांची पाकिटं आणि घरची भाकरी बरोबर न्या.